बिल्ड म्हणतंय "झालं", आणि पट्टीवर नावाच्या जागी ठोकळे! एसएच आणि बॅशचा घोळ

हळदगल्ली | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, आधीच सांगून ठेवतो. मोबाईलवरून टाइप करतोय आणि दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलायचा वैताग येतो म्हणून कमांडसुद्धा देवनागरीतच टाकल्यात, वाचून घ्या.

आम्ही दोघं सांगलीत विश्रामबागेत एका खोलीतून अडत दुकानांसाठी छोटं सॉफ्टवेअर करतो. काट्यावरचं वजन घ्यायचं, दर लावायचा, हमाली तोलाई वजा करायची आणि शेतकऱ्याला मराठीत हिशोबपट्टी छापून द्यायची, एवढंच. दोन वर्षं माझ्या उबुंटूच्या लॅपटॉपवर एक बिल्डची स्क्रिप्ट आहे, ती चालवली की पॅकेज तयार, पेनड्राइव्हवर घेऊन मार्केट यार्डात जायचं, कधी काही तक्रार नाही.

गेल्या महिन्यात पार्टनरनं मॅक घेतला. तिथनं सुरू झालं. आधी सेडची (फाइलीतला मजकूर बदलायची कमांड) ओळ अडली, ती त्यानं कायतरी इन्स्टॉल करून भागवली. मग त्याच्या मशीनवरच्या बिल्डमध्ये हळदीची पट्टी काढली तरी वर "बेदाणा" छापून यायला लागलं, गुळाची काढली तरी बेदाणा. तो म्हणतो तुझा कोड, मी म्हणतो तुझा मॅक. शेवटी वैतागून ठरवलं की दोघांच्याही मशीनवर बिल्ड नको, भाड्याच्या सर्व्हरवर डेबियन लिनक्सचा कंटेनर (सगळ्यांसाठी एकच अशी बंदिस्त सिस्टिम) करू, कुणीही बटण दाबलं तरी माल एकच निघेल.

निघाला. बिल्ड यशस्वी, शेवटची ओळ "पॅकेज तयार", काल दुकानात टाकून आलो. आज सकाळी ऐन सौद्याच्या वेळी अडत्यांचा फोन, "आवं हे काय ठोकळे छापलेत, शेतकरी विचारतोय माझं नाव कुठाय." आकडे सगळे बरोबर, अक्षरं जिथं पाहिजेत तिथं चौकोन. जुनं व्हर्जन परत टाकलं म्हणून दिवस निभावला, पण बोलणी खाल्ली ती खाल्लीच.

एकच स्क्रिप्ट, तीन मशीन, तीन तऱ्हा. आणि ज्या मशीननं सगळ्यात जास्त घोळ केला तिथं एक एरर नाही. कुठं बघू?

कवठेकडचा | रात्री १०:५५

प्रिंटरचा ड्रायव्हर बघ आधी भावा. डॉट मॅट्रिक्स आहे का?

हळदगल्ली | रात्री ११:०२

नाही, लेसर आहे. आणि जुनं व्हर्जन त्याच प्रिंटरवर नीट छापतंय की.

मिरज_जंक्शन | रात्री ११:२०

प्रिंटर सोडा. दोन गोष्टी टाका इथं. एक, मेकफाइल (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) असेल तर तिच्यात स्क्रिप्ट कशी बोलावलीय ती ओळ. दोन, स्क्रिप्टमध्ये फॉन्टचं काम जिथं होतं त्याच्या वरच्या आणि खालच्या चार ओळी. आणि स्क्रिप्टची पहिली ओळ काय आहे?

हळदगल्ली | रात्री ११:४१

पहिली ओळ शेबँग, म्हणजे ही फाइल कुठल्या शेलनं (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामनं) चालवायची ते सांगणारी, तिथं बिन-बॅश. मेकफाइलमध्ये नुसतं "एसएच बिल्ड.एसएच" आहे. मेकफाइल सर्व्हरसाठी नवीन केली, लॅपटॉपवर मी थेट डॉट-स्लॅश लावून चालवायचो.

फॉन्टचं असं आहे: इफ कमांड -व्ही फॉन्टटूल &> /डेव्ह/नल, तर फॉन्टटूल चालव आणि त्याचं आउटपुट पाइप करून टी नं (आलेलं दाखवते आणि फाइलीतही लिहिते ती कमांड) लॉगमध्ये टाक. एल्स, "फॉन्टटूल नाही" छाप आणि एक्झिट १. म्हणजे टूल नसेल तर थांबायची सोय केलीय मी, बघा की.

मिरज_जंक्शन | बुधवार, सकाळी ७:१५

रात्रीच कळलं होतं पण झोप आली. सापडलं तुमचं.

तुम्ही पहिल्या ओळीत बिन-बॅश लिहिलंय. ती ओळ कोण वाचतं? फाइल थेट चालवली तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, वाचतं आणि बॅशला बोलावतं. पण "एसएच बिल्ड.एसएच" म्हटलं की तुम्ही स्वतःच सांगितलंत, एसएचनं ही फाइल वाच म्हणून. मग शेबँग म्हणजे नुसती कॉमेंट, # नं सुरू होणारी ओळ, सोडून दिली. आणि डेबियनमध्ये एसएच म्हणजे बॅश नाही, डॅश नावाचं वेगळं शेल. तुमच्या उबुंटूवर पण डॅशच आहे, पण तुम्ही डॉट-स्लॅशनं चालवत होता म्हणून दोन वर्षं गाठ पडली नाही.

आता ते &> बघा. बॅशमध्ये त्याचा अर्थ, आउटपुट आणि एरर दोन्ही त्या फाइलीत ढकल (/डेव्ह/नल म्हणजे कचऱ्याची पेटी). डॅशला हे जोडचिन्ह माहीतच नाही. ते दोन तुकडे करून वाचतं. आधी &, म्हणजे अलीकडची कमांड बॅकग्राउंडला सोड. मग नुसतं > /डेव्ह/नल, म्हणजे कमांडच नाही, खाली रीडायरेक्ट. ते काय फेल होणार? नेहमी यशस्वी. इफला शेवटचं उत्तर मिळतं शून्य, म्हणजे खरं. टूल असो नसो, तुमची इफ कायम खरी. ती एल्स तुम्ही केलीत खरी, पण सर्व्हरवर तिथं कुणी कधी पोचणारच नाही.

बरं पुढं. टूल नाहीच, तर चालवताना तरी बोंब व्हायला पाहिजे. झाली असणार, "नॉट फाउंड" आलं असणार, पण तुमची पाइपलाइन टी वर संपते आणि पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडचा धरतात. टी तर खुशाल शून्य देऊन मोकळं. सेट -ई (कमांड फसली की थांब) टाकलं असतं तरी हे धरलं गेलं नसतं. दोन भोकं एका रेषेत आली, माल फॉन्टशिवाय आरपार गेला, म्हणून ठोकळे.

सिंटॅक्स एरर आली असती तर नशीब म्हणायचं. दोन्ही शेलना ओळ कळते, फक्त वेगवेगळी कळते, ही जात सगळ्यात वाईट.

हळदगल्ली | सकाळी ७:५०

च्यायला. लॉग बघितला आत्ता. "नॉट फाउंड" आहे त्यात, १८०० ओळींच्या मधोमध.

भडंग_एक_प्लेट | सकाळी ८:३०

मला एक समजेना, मी थर्ड इयरला आहे, आम्हाला लॅबमध्ये शिकवलंय की शेल स्क्रिप्ट चालवायची म्हणजे एसएच आणि पुढं फाइलचं नाव. सगळी पोरं असंच चालवतात. मग ते चुकीचं आहे का? आणि एकाच उबुंटूवर एसएच वेगळं आणि टर्मिनल उघडल्यावर बॅश वेगळं, असं कशाला ठेवलंय?

जुना_युनिक्सवाला | सकाळी १०:०५

बाळा, तुझे सर शिकले तेव्हा ते बरोबर होतं, म्हणून तसं शिकवतात. त्यांना नावं ठेवू नकोस.

एसएच हे मुळात एका विशिष्ट शेलचं नाव. बेल लॅब्जमध्ये स्टीफन बॉर्न यांनी लिहिलं, १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर आलं. त्याआधी तिथं केन थॉम्पसन यांचं साधं शेल होतं. बॉर्नना अल्गॉल भाषा आवडायची म्हणून इफ उलटं करून फी, केस उलटं करून एसॅक. डूचं मात्र उलटं करता आलं नाही कारण ओडी नावाची कमांड आधीच होती, म्हणून तिथं डन आलं. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची.

पुढं डेव्हिड कॉर्न यांचं कॉर्न शेल, मग १९८९ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी बॅश केलं. प्रत्येकानं आपापल्या सोयी वाढवल्या. भांडण मिटवायला १९९२ मध्ये पॉझिक्सनं शेलचं मानक ठरवलं, म्हणजे किमान एवढं सगळीकडं चालेल अशी यादी. तेव्हापासून एसएच हे एका प्रोग्रामचं नाव राहिलं नाही, ते एक आश्वासन झालं. त्या नावामागं कोण उभं आहे ते प्रत्येक सिस्टिम ठरवते.

लिनक्सवर बरीच वर्षं त्यामागं बॅशच उभं असायचं, आणि बॅशला एसएच म्हणून बोलावलं तरी ते आपल्या बऱ्याचशा जादा सोयी चालवून घेतं. त्यामुळं लोकांना वाटलं सगळं एकच. मग २००६ मध्ये उबुंटूनं ६.१० आवृत्तीत एसएचमागं डॅश उभं केलं. कारण असं की मशीन सुरू होताना शेकडो छोट्या स्क्रिप्ट चालायच्या आणि प्रत्येक वेळी बॅशसारखं जड शेल उठवायला वेळ जायचा, डॅश लहान आणि चपळ. तेव्हा जगभर लोकांच्या स्क्रिप्ट मोडल्या आणि शिव्या उबुंटूला बसल्या. डेबियननं २०११ मध्ये तेच केलं. टर्मिनलवर माणसाला सोयी हव्यात म्हणून तिथं बॅश, आणि यंत्राला वेग हवा म्हणून तिकडं डॅश. म्हणून दोन.

कवठेकडचा | सकाळी १०:३०

सर माहिती भारी. पण एवढा विचार कशाला करायचा? २०२० च्या पुढं आलोय आपण. मेकफाइलमध्ये एसएच काढ, बॅश लिही, कंटेनरमध्ये बॅश असतंच, संपला विषय. पॉझिक्स पॉझिक्स करत बसलात तर ॲरे (खान्यांची यादी) नाही, दुहेरी कंस नाही, लोकल व्हेरिएबल पण मानकात नाही. हातपाय बांधून पोहायला सांगितल्यासारखं आहे.

तासगावची_द्राक्षं | दुपारी १२:४५

मी घरून काम करते, मशीन मॅक, त्यामुळं पार्टनरच्या बाजूनं बोलते कारण त्याच्यावर उगाच खापर फुटतंय.

कवठेकर, "बॅश लिही संपला विषय" म्हणताय पण कुठलं बॅश? मॅकवर बिन-बॅश आहे ते ३.२. आजसुद्धा. बॅश ४ पासून लायसन्स जीपीएल तीनचं झालं आणि ॲपलनं त्या लायसन्सखालचं घ्यायचं नाही असं धोरण ठेवलं, म्हणून ते तिथंच गोठलंय. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून तर टर्मिनल उघडलं की झेडशेलच येतं. पण शेबँगमध्ये बिन-बॅश लिहिलेली स्क्रिप्ट अजून त्या ३.२ वरच चालते.

आता बेदाण्याचं कोडं. हळदगल्ली, तुम्ही मालाच्या कोडवरून छापायचा साचा निवडायला डिक्लेअर -ए, कॅपिटल ए वाला, नावानं शोधायचा ॲरे वापरलाय का? पैज लावते वापरलाय. तो बॅश ४ मध्ये आला, २००९ मध्ये. ३.२ ला तो ऑप्शन माहीत नाही, ते एक एररची ओळ छापतं आणि तुम्ही सेट -ई टाकलं नसेल तर पुढं जातं. पुढं तुम्ही हळदीच्या खान्यात हळदीचा साचा ठेवता, गुळाच्या खान्यात गुळाचा. पण ॲरे आता साधा, आकड्यांचा. कंसात आकड्याऐवजी इंग्रजी शब्द दिसला की शेल त्याला व्हेरिएबलचं नाव समजतं, ते व्हेरिएबल रिकामं, रिकाम्याची किंमत शून्य. म्हणजे हळद खाना शून्य, गूळ खाना शून्य, बेदाणा खाना शून्य. शेवटी जो ठेवला तो उरला. तुमच्या यादीत बेदाणा शेवटी आहे ना?

हळदगल्ली | दुपारी १:१०

ताई लोटांगण. शेवटीच आहे. आणि आम्ही आठवडाभर डेटाबेस तपासत होतो.

तासगावची_द्राक्षं | दुपारी १:३०

आमच्याकडं पण झालंय तसलं म्हणून माहीत.

सेडचं पण सांगून टाकते. सेड -आय, फाइल जागच्या जागी बदलायचं. ते पॉझिक्समध्ये नाहीच, ज्यानं त्यानं आपापलं घातलंय. ग्नू सेडमध्ये -आय पुढं बॅकअपचं शेपूट चिकटवून दिलं तर दिलं, नाहीतर नाही. मॅकच्या सेडला ते शेपूट द्यावंच लागतं, नको असेल तर रिकामे अवतरण. नाही दिलं तर ते तुमच्या बदलाच्या सूत्रालाच शेपूट समजतं आणि फाइलच्या नावाला कमांड. पार्टनरनं ग्नू सेड इन्स्टॉल करून भागवलं असणार, पण ते त्याच्या एका मशीनपुरतं झालं, उद्या तिसरा माणूस घेतलात की पहिल्यापासून.

आणि मेकचं! मॅकवर जे मेक येतं ते ३.८१, २००६ चं. मेकफाइलमध्ये प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते, म्हणजे एका ओळीत सीडी करून फोल्डरमध्ये गेलात तरी पुढची ओळ परत बाहेरच. ते टाळायला लोक डॉट-वनशेल लिहितात. ती सोय ३.८२ ला आली. मॅकचं मेक ती ओळ बघून तक्रारसुद्धा करत नाही, गुमान दुर्लक्ष करतं. एका फोल्डरमधल्या फाइली पुसायच्या होत्या तर भलत्याच फोल्डरमधल्या पुसल्या होत्या मी. तेव्हापासून सीडी आणि पुढची कमांड मध्ये && टाकून एकाच ओळीत.

कवठेकडचा | दुपारी २:०५

ठीक आहे ताई, मग मॅकवर पण नवीन बॅश टाकायचं, शेबँगमध्ये एन्व्ह बॅश लिहायचं म्हणजे पाथमध्ये जे पहिलं सापडेल ते घेईल. अजूनही माझं म्हणणं तेच. आपल्या टीमच्या मशीनवर काय असावं हे आपणच ठरवायचं ना, का सगळ्या जगाच्या मशीनची काळजी करायची?

मिरज_जंक्शन | दुपारी ३:३०

कवठेकर अर्धं बरोबर बोलतायत. ज्या मशीनवर तुमची सत्ता आहे तिथं बॅश वापरा की, कोण अडवतंय. फक्त तसं सांगा आणि तपासा. पहिल्या ओळीत एन्व्ह बॅश, दुसऱ्या ओळीत बॅशची आवृत्ती बघा, ४ पेक्षा कमी असेल तर स्पष्ट मराठीत निरोप छापून बाहेर पडा. एन्व्ह बॅशच्या पुढं त्याच ओळीत -ई वगैरे लिहू नका, लिनक्स "बॅश -ई" हे सगळं मिळून एकच नाव समजतं आणि असा प्रोग्राम नाही म्हणतं. सेट -ई खाली वेगळ्या ओळीत. त्याबरोबर सेट -ओ पाइपफेल, म्हणजे ते टी चं प्रकरण पण मिटलं. पाइपफेल आता २०२४ च्या पॉझिक्समध्ये सुद्धा आलंय, पण म्हणून तुमच्या सर्व्हरवरच्या डॅशला ते येतं असं धरून चालू नका, ज्याला येत नाही ते त्या ओळीवरच स्क्रिप्ट सोडून देतं.

पण जी स्क्रिप्ट गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालणार, म्हणजे इन्स्टॉल करणारी, किंवा कुठल्या तरी छोट्या कंटेनरमध्ये, तिथं सत्ता आपली नाही. अल्पाइनचा कंटेनर घ्या, लोक तो लहान म्हणून घेतात, त्यात बॅश नसतंच. त्यात बिझीबॉक्सचं ॲश, ते पण एक छोटं शेल. आणि गंमत बघा, ते ॲश थोडंफार बॅशसारखं वागतं, दुहेरी कंस चालवून घेतं, &> सुद्धा कळतं त्याला. म्हणजे अल्पाइनवर चाललं म्हणून डॅशवर चालेल याची खात्री नाही. जिथं चालवायचं तिथंच चालवून बघायचं, याला दुसरा इलाज नाही.

आणि एसएच तुम्ही लिहीत नाही तिथं पण असतं हे लक्षात ठेवा. डॉकरफाइलमधली (कंटेनर कसा बनवायचा ते लिहिलेली फाइल) रन ओळ, मेकच्या रेसिपी, पायथनमधून शेल ट्रू करून सोडलेली कमांड, नोडमधलं एक्झेक. लिनक्सवर हे सगळे बिन-एसएचकडंच जातात, तुमचं लॉगिन शेल कुठलं का असेना.

भडंग_एक_प्लेट | दुपारी ४:१०

सर शेलचेक नावाचं टूल आहे ना, चुका दाखवतं ते. ते चालवलं असतं तर सापडलं असतं का?

मिरज_जंक्शन | दुपारी ४:२५

चांगला प्रश्न आणि उत्तर आहे, नाही. शेलचेक पहिली ओळ बघून ठरवतं की कुठल्या शेलच्या नियमांनी तपासायचं. तिथं बॅश लिहिलंय, बॅशमध्ये &> बरोबरच आहे, ते म्हणालं असतं सगळं छान. खोटं बोलत होती मेकफाइल. पहिल्या ओळीत एसएच असतं किंवा -एस एसएच देऊन चालवलं असतं तर त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं असतं. डेबियनवाल्यांचं चेकबॅशिझम्स पण आहे, ते नेमकं हेच शोधतं.

जुना_युनिक्सवाला | संध्याकाळी ६:१५

आमच्या वेळी सोलारिस नावाचं युनिक्स होतं. त्याच्या दहाव्या आवृत्तीपर्यंत बिन-एसएच म्हणजे खरोखर जुनं बॉर्न शेल. डॉलर आणि कंस लावून कमांडचं आउटपुट घ्यायचं तुम्ही रोज करता, ते तिथं चालायचंच नाही, उलटी अवतरणं लावायची. एकात एक अशी दोन आली की बॅकस्लॅश मोजता मोजता चष्म्याचा नंबर वाढायचा.

तुम्ही कुठलंही जुनं ओपन सोर्स पॅकेज घ्या, त्यातली कॉन्फिगर फाइल उघडा. हजारो ओळी. पोरं हसतात, असला कसला कोड म्हणून. तो माणसानं हातानं लिहिलेला नसतो, ऑटोकॉन्फ तो तयार करून देतं, १९९१ पासून. तुलना करताना दोन्ही बाजूंना उगाच एक्स अक्षर चिकटवलेलं दिसेल. कारण व्हेरिएबलमध्ये उणे चिन्ह किंवा कंस आला तर काही जुन्या टेस्ट कमांड गडबडायच्या, एक्स लावला की किंमत कधीच चिन्हानं सुरू होत नाही. ऑटोकॉन्फच्या मॅन्युअलमध्ये पोर्टेबल शेल म्हणून अख्खं प्रकरण आहे, कुठलं शेल कुठं ठेचकाळतं त्याची नोंद. मला ते वाचायला अजून आवडतं, आता तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याला दुसरं काम नाही.

शांतपणे_वाचणारा | संध्याकाळी ६:४०

म्हातारे नाही सर तुम्ही. लिहीत रहा.

भडंग_एक_प्लेट | रात्री ८:०५

थोडं विषयांतर. आमच्या ग्रुपमध्ये एकाचा विंडोज आहे, त्यानं एडिट केलेली स्क्रिप्ट माझ्याकडं चालवली की "बॅड इंटरप्रीटर, अशी फाइल नाही" येतं. फाइल तर समोर दिसतीय, बॅश पण आहे. परत टाइप केली की चालते. भूत आहे का?

तासगावची_द्राक्षं | रात्री ८:२०

भूतच, फक्त त्याचं नाव कॅरेज रिटर्न. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अक्षरं ठेवतं, युनिक्स एकच. ते जादा अक्षर दिसत नाही पण कर्नल "बॅश आणि पुढं ते अक्षर" अशा नावाचा प्रोग्राम शोधतं आणि तसा प्रोग्राम नसतो. गिटमध्ये डॉट-गिटॲट्रिब्यूट्स फाइल करून एसएच फाइलींना ओळीचा शेवट एलएफच (युनिक्सचं ते एक अक्षर) ठेव असं लिहून टाका, मग कुणाच्याही मशीनवर तसंच येईल. मित्राशी भांडू नका, त्याची चूक नाही.

हळदगल्ली | रात्री ९:३०

दिवसभर बसून केलं, सांगतो काय केलं ते.

स्क्रिप्ट दोन केल्या. पॅकेज करणारी आमची, ती बॅशच, दुसऱ्या ओळीत आवृत्तीची तपासणी, सेट -ई आणि पाइपफेल. पार्टनरनं मॅकवर चालवली तर लगेच थांबली आणि म्हणाली बॅश जुनं आहे. त्यावर तो म्हणाला मी नवीन टाकणार नाही, तू तो ॲरे काढ. काढला मग. साधी केस लावली, हळद असेल तर हा साचा, गूळ असेल तर तो. सहा ओळींचं काम होतं, ॲरे मी हौसेनं घातला होता, आता आवृत्तीची अट पण ३.२ वर आणली. मेकफाइलमधून एसएच काढून फाइल थेट बोलावली.

दुकानात चालणारी इन्स्टॉलची स्क्रिप्ट निव्वळ एसएच. तिच्यात शेलचेकनं अकरा जागा दाखवल्या. सोर्सच्या जागी डॉट, दुहेरी बरोबरच्या जागी एकेरी, &> च्या जागी > /डेव्ह/नल २>&१. एक तर भलतीच निघाली. काउंटरवरच्या विंडोज मशीनचा पाथ एकोनं कॉन्फिगमध्ये लिहितो आम्ही, आणि फोल्डरचं नाव न्यूपट्टी. बॅकस्लॅशच्या पुढं इंग्रजी एन! बॅशचा एको ते जसंच्या तसं लिहितो, डॅशचा एको तिथं नवी ओळ पाडतो. पाथ अर्धा वर अर्धा खाली. आता सगळीकडं प्रिंटएफ.

सेड -आय पण काढलं. तात्पुरत्या फाइलीत लिहायचं आणि एमव्हीनं मूळ जागी न्यायचं. ते सगळीकडं चालतंय.

मिरज_जंक्शन | रात्री ९:४०

तात्पुरती फाइल एमकेटेंपनं केली का?

हळदगल्ली | रात्री ९:४४

हो. का?

मिरज_जंक्शन | रात्री ९:५१

मग परवानग्या बघा त्या कॉन्फिगच्या. एमकेटेंप फाइल ६०० नं करतं, म्हणजे फक्त मालकानं वाचायची. एमव्ही केलं की तीच फाइल त्याच परवानग्या घेऊन मूळ जागी जाऊन बसते. तुम्ही रूटनं इन्स्टॉल करता, प्रोग्राम दुसऱ्या युजरनं चालतो, त्याला कॉन्फिग वाचताच येणार नाही. एमव्ही ऐवजी कॅट करून मूळ फाइलीत ओता, परवानग्या आणि मालक जुनेच राहतात, मग तात्पुरती पुसा.

हळदगल्ली | रात्री १०:०६

अर्धा तास हेच शोधत होतो की सर्व्हिस का उठेना. तुम्ही मिरजेहून बघता का माझी स्क्रीन?

तासगावची_द्राक्षं | रात्री १०:१५

आणखी एक, आत्ताच सांगते नाहीतर पुढच्या महिन्यात परत धागा निघेल. पॅकेजच्या नावात तारीख टाकता का? महिन्याच्या नावानं? तुमच्या लॅपटॉपची भाषा मराठी असेल तर डेट कमांड महिन्याचं नाव मराठीत देणार, सर्व्हरवर इंग्रजीत. फाइलींची क्रमवारी पण भाषेप्रमाणं बदलते. स्क्रिप्टच्या वर एलसी_ऑल बरोबर सी, एक्सपोर्ट करून टाका. मराठीचा अभिमान पट्टीवर ठेवा, बिल्डमध्ये नको.

कवठेकडचा | रात्री १०:२२

मान्य, ॲरेची गरज नव्हती तिथं. पण मी माझ्या मशीनवर दुहेरी कंस सोडणार नाही.

हळदगल्ली | रात्री १०:५८

सर्व्हरवर आत्ता बिल्ड लावलं. थांबलं! "फॉन्टटूल नाही", एक्झिट १. दोन वर्षांत पहिल्यांदा ती एल्स चालताना बघितली, पार्टनरला फोन करून सांगितलं.

मिरज_जंक्शन | रात्री ११:०३

छान. मग ते फॉन्टटूल डॉकरफाइलमध्ये टाकलं का?

हळदगल्ली | रात्री ११:०४

...टाकतो.

जुना_युनिक्सवाला | गुरुवार, सकाळी ६:३०

आणि अडत्यांकडं जाताना यावेळी दोन पट्ट्या इथंच छापून बघून जा रे बाळा.

हळदगल्ली | सकाळी ८:१२

छापल्या सर. हळदीवर हळद आलीय, नाव पण दिसतंय. निघालो यार्डात.